पणजोबांच्या पलीकडे

कोल्हापूर जिल्ह्यातील बहुतेक घरांत घराण्याची माहिती विचारली, तर मिळणारे उत्तर एकाच घडणीचे असते. वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावे खात्रीने सांगितली जातात, क्वचित पणजोबांच्या भावांचीही. आणि त्यानंतर एकदम तीन-चारशे वर्षांची उडी घेऊन ‘मूळ पुरुष अमुक गावाहून आला, तिघे भाऊ होते, त्यांतला एक इथे राहिला’ अशी कथा सुरू होते. पणजोबा आणि तो मूळ पुरुष यांच्या दरम्यान होऊन गेलेल्या आठ-दहा पिढ्यांविषयी मात्र घरातील कोणालाही काही सांगता येत नाही. स्मरणाचा धागा बरोबर त्याच ठिकाणी का तुटतो आणि तुटलेला धागा पुन्हा सांधता येतो का, हे दोन प्रश्न घराण्याच्या इतिहासाचा शोध सुरू करणाऱ्या प्रत्येकासमोर प्रथम येतात.

तीनच नावे का उरतात

याचे एक उत्तर धर्मविधीत आहे. श्राद्धकर्मात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार करावा लागतो, त्यामुळे जी नावे दरवर्षी उपयोगात येतात तीच टिकतात आणि चौथ्या पिढीचे नाव, नवा माणूस पितरांत जमा झाला की, आपोआप यादीबाहेर जाते. दुसरे उत्तर वयाच्या हिशेबात आहे. नातवाला आजोबा सांगतात ते त्यांनी स्वतः पाहिलेल्या आजोबांविषयी असते, म्हणजे प्रत्यक्ष पाहिल्याची साक्ष फार तर चार-पाच पिढ्या मागे पोहोचते. त्यापलीकडे मुलांची नावे आजोबांवरून ठेवण्याच्या रिवाजामुळे घोटाळा वाढतो. राणोजीचा बाळोजी, बाळोजीचा राणोजी, पुन्हा त्याचा बाळोजी अशी साखळी असली, तर ऐकणाऱ्याच्या मनात दोन राणोजींचा एक राणोजी होतो आणि दोन पिढ्या नकळत गळून पडतात.

सुरुवात घरापासून

म्हणून या शोधाचा पहिला नियम असा, की मूळ पुरुषापासून खाली न येता आजच्या माणसापासून एकेक पिढी मागे जावे. जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरणारा माणूस पुढची पायरी पायाने चाचपल्याशिवाय मागचा पाय उचलत नाही, तसेच येथे आजोबा कोणाचे पुत्र हे कागदाने किंवा दोन स्वतंत्र साक्षींनी ठरल्याशिवाय पणजोबांकडे वळू नये. प्रसिद्ध आडनाव हाती धरून इतिहासातील एखाद्या सरदारापासून खाली उतरण्याचा मोह अनेकांना होतो. त्यातून बहुधा दुसऱ्याच कोणाची तरी वंशावळ तयार होते.

पहिली साक्ष घरातील वडीलधाऱ्यांची. ती घेताना सालांपेक्षा ठिकाणे आणि प्रसंग विचारणे अधिक फलदायी ठरते, कारण ‘आजोबा कोणत्या साली वारले’ याला उत्तर न देणारी वृद्ध स्त्री ‘ते वारले तेव्हा राधानगरीच्या धरणाचे काम चालू होते का’, ‘गांधींच्या खुनानंतरची जाळपोळ त्यांनी पाहिली का’ अशा प्रश्नांना अचूक उत्तर देते. कुलदैवत कोणते, लग्नात देवक कोणते, सुतक कोणकोणत्या घरांचे पाळतात, भावकीत किती तक्षिमा आहेत (तक्षीम म्हणजे वतनातील किंवा जमिनीतील वाटा), जोतिबाच्या यात्रेत उतरण्याची जागा कोणती, ही माहिती आडनावापेक्षा मोलाची असते. आडनाव बदलते. एकाच पुरुषाच्या वंशातील एक शाखा गावची पाटीलकी असल्याने ‘पाटील’ म्हणून शाळेत नोंदली गेली, दुसरी मूळ कुळाच्या नावाने राहिली आणि गाव सोडून गेलेली तिसरी शाखा त्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडून ओळखली जाऊ लागली, असे या भागात सर्रास घडले आहे. देवक आणि सुतक मात्र तिन्ही शाखांनी बहुधा सांभाळलेले असते.

घरातील ट्रंकांमध्ये आणि माळ्यावर जे सापडते त्याची यादी लांब आहे: खरेदीखते, वाटणीपत्रे, सारा भरल्याच्या पावत्या, जन्मपत्रिका, सैन्यातील निवृत्तिवेतनाचे कागद, लग्नातील आहेराच्या वह्या. आहेराची वही ही त्यांतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू असून तिच्यात एका दिवशी एकत्र आलेले सारे सोयरे गावांच्या नावांसह लिहिलेले असतात.

कागद कशासाठी लिहिला गेला

घराबाहेरच्या दफ्तरांकडे वळताना एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर बरीच वणवण वाचते. कोणताही सरकारी कागद घराण्याची आठवण राहावी म्हणून लिहिलेला नाही. तो कोणाचा तरी हक्क, देणे किंवा दर्जा ठरवण्यासाठी लिहिला गेला. जेथे हक्काचा प्रश्न होता तेथे नाव आले, नव्हता तेथे आले नाही. त्यामुळे ‘पूर्वज कोण होते’ असे विचारण्याआधी ‘पूर्वजांचा सरकारशी संबंध कशाबद्दल आला’ असे विचारावे लागते: जमिनीबद्दल, वतनाबद्दल, शाळेबद्दल, फौजेबद्दल की कोर्टातील भांडणाबद्दल.

शेतकरी घराण्यांसाठी जमीन हा सर्वांत सरळ मार्ग होय. आजचा सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी. पहिल्यात जमीन कोणाच्या नावावर आहे ते आणि दुसऱ्यात पीक कोणते ते लिहिलेले असते. शोधकाला हवा असतो तो मात्र त्यावर नावाजवळ लिहिलेला फेरफार क्रमांक. जमिनीवरील नाव ज्या कारणाने बदलले त्याची नोंद म्हणजे फेरफार, आणि ती गाव नमुना सहामध्ये असते. खातेदार मयत झाल्यावर झालेल्या वारस फेरफारात मृत व्यक्तीचे नाव, मृत्यूची तारीख आणि सर्व वारसांची नावे नात्यासह दिलेली असतात, म्हणजे एकाच परिच्छेदात दोन पिढ्यांचा दुवा सापडतो. मग त्या मृत व्यक्तीच्या नावे जमीन ज्या फेरफाराने आली तो क्रमांक शोधायचा, तेथून त्याच्या आधीचा, असे करत मागे जाता येते. उताऱ्यावर कंसात टाकलेली नावे म्हणजे कमी झालेले हक्कदार. ती वाचताना बहुतेक लोक डोळा पुढे नेतात, वास्तविक शोध तेथेच असतो. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता ही संक्षिप्त रूपेही बोलकी आहेत: पहिले सांगते की या एका नावामागे आणखी भाऊ आहेत, आणि दुसरे सांगते की वारस लहान असताना वडील वारले, त्यामुळे त्याच्यापुढे बहुधा आईचे नाव लिहिलेले आढळते.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि तेव्हापासून पुढच्या काळासाठी ही साखळी सामान्यतः चालते. त्यामागे जायचे असेल तर पाहणीच्या वेळची पत्रके आणि वतनाची दफ्तरे पाहावी लागतात. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्याच वर्षी महार वतनेही संपुष्टात आणली; अशा प्रत्येक बदलाच्या वेळी हक्कदार कोण आणि त्याचा वाटा किती याची चौकशी होत असल्याने, वतन बंद करणारा कागद वतनदारांच्या घराण्यांविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

एक जूनचे वाढदिवस

गावोगावच्या वृद्धांचे जन्मदाखले पाहिले, तर निम्मा गाव १ जूनला जन्मला असावा असे वाटू लागते. याचे कारण शाळेत आहे. जून महिन्यात शाळा उघडे, पालकाला मुलाची जन्मतारीख ठाऊक नसे, आणि गुरुजी मुलाच्या अंगलटीवरून वयाचा अंदाज करून १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. तेव्हा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील तारीख अंदाजाची समजावी. त्यातील वडिलांचे नाव, जात, गाव आणि प्रवेशाचे वर्ष मात्र सहसा भरवशाचे असते. संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आल्यामुळे येथील शाळांच्या जुन्या रजिस्टरांत अशा घरांतील मुलांची नावेही आढळण्याचा संभव आहे, ज्या घरांत तोपर्यंत कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. शहरातील वसतिगृहांचाही विचार करावा. १९०१ मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्यानंतरची जैन, लिंगायत व मुस्लिम बोर्डिंगे आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह यांनी खेड्यांतून आलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या सांभाळल्या.

गाव नमुना चौदा, म्हणजे लोकभाषेत ‘कोतवाल बुक’, ही जन्म-मृत्यूची नोंदवही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यावर कुणबी नोंदींसाठी राज्यभर जी दफ्तरे उघडली गेली त्यांत ही वही अग्रभागी होती, आणि अनेक कुटुंबांनी ती तेव्हाच प्रथम पाहिली. तिच्यात एक अडचण हमखास येते. जन्माची वर्दी बारशापूर्वी दिली जात असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. अशा वेळी भावंडांचा क्रम आणि शाळेतील प्रवेशाचे वर्ष यांच्याशी ताडून नोंद कोणाची हे ठरवावे लागते.

जातपडताळणीच्या निमित्तानेही हजारो घरांनी वंशावळी तयार केल्या आहेत. त्यांचा उपयोग अवश्य करावा, पण त्या कोठे थांबतात हेही पाहावे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा मागितला जात असल्याने, तो मिळताच बहुतेकांचा शोध संपतो.

चौकट: जुन्या सनांचा हिशेब

शालिवाहन शक: ७८ मिळवावे; जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीसाठी ७९.

फसली सन: ५९० मिळवावे, जानेवारी ते मृग नक्षत्र या काळासाठी ५९१. फसली १३०० म्हणजे इ.स. १८९०-९१.

शुहूर सन: ५९९ मिळवावे; वर्षाच्या उत्तरार्धासाठी ६००. हा सन अरबी संख्याशब्दांत लिहितात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७२, अर्थात इ.स. १७७१-७२.

राज्याभिषेक शक: इ.स. १६७४ पासून मोजावा.

गाव तेव्हा कोणाचे होते

आज बारा तालुक्यांचा असलेला कोल्हापूर जिल्हा जुन्या दफ्तरांच्या दृष्टीने एकसंध नाही. करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले; त्यापूर्वी इचलकरंजी, कागल, विशाळगड, बावडा या जहागिऱ्यांचे स्वतंत्र कारभार होते, कुरुंदवाड हे वेगळेच संस्थान होते, चंदगड भाग १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता आणि उलट संस्थानाच्या ताब्यातील रायबाग आज कर्नाटकात आहे. त्यामुळे एखाद्या गावाचा १९३० सालचा कागद शोधताना त्या वर्षी तेथे सारा कोण गोळा करीत होते हे आधी ठरवावे लागते. मेजर ग्रॅहॅम यांचा १८५४ सालचा संस्थानाविषयीचा अहवाल, मुंबई गॅझेटिअरचा १८८६ मधील कोल्हापूर खंड आणि स. मा. गर्गे यांचे ‘करवीर रियासत’ ही पुस्तके त्यासाठी उपयोगी पडतात. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयात अशा ग्रंथांची चौकशी करणे सोयीचे. संस्थानकालीन मूळ कागदांसाठी राज्याच्या पुराभिलेख खात्याचे कोल्हापुरातील पुरालेखागार, आणि पेशवाईशी संबंध आलेल्या घराण्यांसाठी पुण्याचे पेशवे दफ्तर, ही मुख्य ठिकाणे होत.

तेथे पोहोचणाऱ्याला मोडी लिपीची अडचण येते, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा मराठी कारभार मुख्यतः तिच्यात चालला. मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. असे असले, तरी महसुली कागदांचे मायने ठरलेले असल्याने एका प्रकारचे थोडे कागद बारकाईने वाचले की पुढील कागदांत कोणत्या ओळीत नाव आणि कोणत्या ओळीत सन हे कळू लागते. पूर्ण लिपी येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. जाणकाराकडून वाचून घेताना नावाचे वाचन दोघांकडून तपासून घ्यावे.

हेळवी आणि तीर्थोपाध्याय

सीमाभागात कागदांखेरीज एक जिवंत दफ्तर आहे. बेळगावच्या बाजूने येणारे हेळवी हे पिढीजात वंशावळ सांगणारे लोक. पूर्वी ते बैलावर बसून येत, ठरलेल्या यजमान घरांसमोर त्या घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवत, नव्याने जन्मलेल्या मुलांची नावे वहीत चढवून घेत आणि धान्य, वस्त्र वा पैसे घेऊन पुढच्या गावी जात. कोल्हापूर-सांगलीकडील मराठा, जैन आणि लिंगायत घरांत त्यांचे येणे परिचित आहे. त्यांच्या वंशावळीचे वजन करताना मात्र दोन भाग वेगळे करावेत. अलीकडच्या पिढ्या हेळव्याच्या बापाने किंवा आजाने प्रत्यक्ष दारी येऊन लिहून घेतलेल्या असतात, म्हणून त्या उत्तम साक्ष होत. वरच्या टोकाचा भाग यजमानाला सुखावणारा असतो, आणि तो तसा असणे हा त्या व्यवसायाचाच भाग आहे.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांचा पाया वेगळा. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्याय आपला यजमान कोणता हे सिद्ध करण्यासाठी यात्रेकरूंची नावे गाव आणि आडनावाच्या क्रमाने लिहून ठेवतात; नाशिककडे या वह्यांना नामावळी म्हणतात. येथेही हक्काचेच तत्त्व दिसते, फक्त हक्क उपाध्यायाचा असतो. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः सांगितलेली नावे, बरोबर आलेले नातलग आणि कधी त्याचे हस्ताक्षरही त्यांत मिळते. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या अशा वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतील युटा राज्यातील वंशावळी संस्थेने मोठ्या प्रमाणावर घेतली आहेत. ख्रिस्ती घराण्यांनी बाप्तिस्म्याच्या चर्चमधील नोंदी पाहाव्यात. रॉयल वाइल्डर यांनी कोल्हापुरात मिशनचे काम १८५२ साली सुरू केले. मुस्लिम घराण्यांना काझींच्या दफ्तरातील निकाहनामे तितकेच उपयोगी पडतात.

कथेची परीक्षा

एक पिढी सरासरी पंचवीस ते तीस वर्षांची धरली, तर शिवकाळापासून आजपर्यंत बारा ते चौदा पिढ्या व्हायला हव्यात. ‘मूळ पुरुष शिवाजी महाराजांच्या फौजेत होता’ असे सांगणाऱ्या वंशावळीत सहाच नावे असतील, तर एक तर निम्मी नावे गळाली आहेत किंवा तो पुरुष फौजेत नव्हता. तीन भावांची कथा तर इतक्या घराण्यांत आढळते, की तिला पुरावा न मानता गाव वसल्याची आठवण मानणे इष्ट. जुना कागदही निमूटपणे स्वीकारू नये. वतनाच्या भांडणात दोन्ही पक्ष आपापल्या सोयीच्या वंशावळी दाखल करीत आणि ज्या शाखेला वाटा द्यायचा नव्हता ती शाखा निर्वंश झाल्याचे लिहीत. म्हणून वादातील कागद वाचताना विरुद्ध पक्षाचे म्हणणेही वाचले पाहिजे.

ज्यांच्या नावे काहीच नव्हते

हक्काच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या या पद्धतीत ज्यांना हक्क नव्हता ते दिसत नाहीत. भूमिहीन माणसाची नोंद कित्येकदा गावात नसून गावाबाहेर मिळते. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्या शिपायांच्या याद्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ठेवल्या असून त्यांतील अनेक नोंदींत बापाचे नाव आणि गाव आहे. मॉरिशसला मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची नावे, बापाचे नाव, गाव, जात, उंची आणि अंगावरील खुणा तेथील सरकारने टिपून ठेवल्या आणि ती रजिस्टरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत. आपल्या गावच्या चावडीत ज्यांच्या नावाची एक ओळ नव्हती, त्यांचे वर्णन हजारो मैलांवर शब्दशः उपलब्ध आहे.

स्त्रियांचे न दिसणे याहून सार्वत्रिक आहे. हेळव्याची वही मुलग्यांची, वतनाची वंशावळ पुरुषांची, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या फेरफारांत स्त्री यायची ती विधवा किंवा अ.पा.क. म्हणून. लग्नानंतर पुष्कळ घरांत मुलीचे पहिले नावही बदलत असल्याने माहेरची आणि सासरची नोंद एकाच व्यक्तीची आहे हे ओळखणे अवघड जाते. श्राद्धात मातामहाच्या बाजूच्या तीन पिढ्याही उच्चारल्या जातात, हा त्यातल्या त्यात एक आधार.

दुसरा आधार स्वयंपाकघरात आहे. तांब्या-पितळेच्या घागरी, हंडे, परात, पाण्याचे बंब यांवर कासाराकडून किंवा दुकानदाराकडून नाव घालून घेण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती, आणि त्या चार शब्दांत देणाऱ्याचे नाव, घेणारीचे नाव, लग्न किंवा डोहाळजेवण यांसारखा प्रसंग, गाव आणि तारीख असा मजकूर पुष्कळदा सापडतो. कोणत्याही दफ्तरात नसलेले आजीच्या आईचे नाव घागरीच्या काठावर असू शकते, आणि मामाच्या गावाचा पत्ता परातीच्या पाठीवर. स्टीलची भांडी आल्यापासून ही भांडी वजनावर मोडीत जात आहेत. ज्या घरांत ती अजून माळ्यावर आहेत, त्या घरांनी ती कासाराला देण्याआधी प्रत्येक भांड्यावरचे नाव जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे, त्याचे छायाचित्र काढावे आणि ते भांडे कोणाच्या लग्नातले हे घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारून त्याच पानावर लिहून ठेवावे.